शोभेचा खजूर

आत्यांना आमचं अंगण कधीच पटलं नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. साताऱ्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही म्हणत आले, माझं माहेर गिरगावातलं असलं तरी. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे बेलापूरला राहायला आल्या. पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात घेऊन अंगणात उभ्या राहिल्या, एकेक झाड खालपासून वरपर्यंत निरखलं आणि मला विचारलं, "आगं, ह्यातलं खायाचं कुठलं?"

"आत्या, ही शोभेची झाडं आहेत. पाम म्हणतात."

"व्हय, पर खायाचं कुठलं?"

खाण्यासारखं खरोखरच काही नव्हतं. भिंतीला लागून अरेकाची रांग, फाटकाजवळ फुगीर बुंध्याचा बॉटल पाम, कोपऱ्यात कोल्ह्याच्या शेपटीसारख्या झुबकेदार पानांचा फॉक्सटेल आणि मधोमध शोभेचा खजूर. त्यालासुद्धा लागतात ती फळं म्हणजे नुसतं साल आणि बी. आत्यांनी आयुष्यभर भुईमूग आणि हायब्रीड ज्वारी काढली होती. नुसतं बघण्यासाठी एवढं पाणी घालायचं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती.

आमचं रो-हाउस दिवाळे गावाच्या अलीकडे होतं. खाडी जवळ. ही सगळी जमीन भरावाची. वीतभर खणलं की मुरूम आणि विटांचे तुकडे, त्याखाली काळी खारट चिकणमाती. आम्ही राहायला आलो तेव्हा माझ्या नवऱ्याने हौसेनं कलमी आंबा लावला, तो वर्षभरात वाळला. जास्वंद गेली, कढीपत्ता गुडघ्याएवढा होऊन थांबला. मग उरण रोडच्या एका नर्सरीवाल्यानं त्याला सांगितलं, पाम लावा साहेब, खाऱ्या हवेला दाद देत नाही. तिथून हे सुरू झालं.

माझा नवरा कोणतीही गोष्ट अर्धवट करणारा नव्हता. त्यानं खड्डे खणून खालची खारी माती बाहेर काढली, टेम्पोनं लाल माती आणली, त्यात रेती, शेणखत, निंबोळी पेंड मिसळली. अरेकाच्या पानांची टोकं करपायला लागली तेव्हा नळाचं पाणी पिंपात दोन दिवस उघडं ठेवून मग घालायला लागला. पानं पिवळी पडली की हे कमी, डाग पडले की ते कमी, असं त्याचं चाललेलं असायचं. मी कधी कात्री घेऊन गेले तर ओरडायचा, "हिरवं पान कापू नकोस हां. जे वाळून लोंबतंय तेवढंच काढ." एकदा त्यानं मला खजुराच्या अगदी मधला, अजून न उलगडलेला, भाल्यासारखा उभा कोंब दाखवला होता. "आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. ह्याला एकच कोंब. हा गेला की झाड गेलं."

तळोज्याकडे एका केमिकल कंपनीत तो नोकरीला होता. सुरक्षेचं काम. कोणतं पिंप कुठे ठेवायचं, कुणी हातमोजे घातले नाहीत, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, हे बघण्यात त्याची सगळी नोकरी गेली. मग कंपनी बंद पडली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला परत कोण घेतंय? थोडे दिवस त्यानं अर्ज केले, मग तेही सोडलं. माझी सरकारी कचेरीतली नोकरी होती, घर चालत होतं. आम्हाला मूलबाळ नाही. मी सकाळी डबा घेऊन निघायची आणि तो घरी राहायचा, आईच्या बीपीच्या गोळ्या, कुकर आणि पाम सांभाळत. त्याला ह्याचं काय वाटायचं ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. झाडं मात्र त्या वर्षांत अशी तरारली की येणारे-जाणारे फाटकापाशी थांबून फोटो काढायचे.

आत्यांचा आणि खजुराचा समेट कसा झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. आधी त्या त्याच्या सावलीला नावं ठेवायच्या. "सावली हाय का गाळणी?" मग बसायला दुसरी जागा नाही म्हणून वेताची खुर्ची त्याच्याखालीच सरकली. मग दुपारी त्या बुंध्याला पाठ टेकून लसूण सोलत बसायला लागल्या. दिवाळ्याची एक कोळीण टोपली घेऊन आमच्या गल्लीत यायची. तिचा आणि आत्यांचा रोज भाव करण्यावरून वाद व्हायचा आणि वाद झाला की दोघी तिथेच बसून चहा प्यायच्या. कोळीण आत्यांना "आजी" म्हणायची. आत्या तिला "बया" म्हणायच्या. एकमेकींचं अर्धं बोलणं एकमेकींना कळत नसावं, पण हसायच्या मात्र बरोबर एकाच वेळी. हळूहळू तांदळाचं धुवण सिंकमध्ये न जाता खजुराच्या मुळाशी जायला लागलं. एकदा मी ऐकलं, आत्या फोनवर माझ्या नणंदेला सांगत होत्या, "माजं झाड बघायला तरी ये एकदा."

नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी मोकळं हसला.

उन्हाळ्यात एका रविवारी मी आणि तो आत वर्तमानपत्र वाचत होतो. बाहेरून आत्यांची हाक आली. "आरं, हिकडं ये. ह्यात कोन तरी खातंय."

"कशात?"

"झाडात. कुरूकुरू वाजतंय."

"वारा असेल, आई."

"वाऱ्याला दात असत्यात व्हय?"

तो हसतच बाहेर गेला. आत्यांनी बुंध्याला कान लावून दाखवला. त्यानंही लावला. मी दारातून बघत होते. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. बराच वेळ तो तसाच, गाल खरबरीत सालीला टेकवून, डोळे मिटून उभा होता. मग मलाही बोलावलं. खरंच आवाज येत होता. कुणीतरी पलीकडच्या खोलीत कच्चा तांदूळ चावावा तसा.

आम्ही बुंधा नीट बघितला. वाळलेल्या देठांच्या आड, आत्या टेकून बसायच्या त्याच्या थोडं वर, भोकं पडली होती. त्यांतून तपकिरी चिकट रस ओघळून वाळला होता आणि चावून टाकलेला भुसा चिकटला होता. वरून झाड हिरवंगार. एक पान म्हणून पिवळं नव्हतं.

"सोंड्या," तो म्हणाला. सोंड्या म्हणजे लाल रंगाचा, लांब सोंडेचा भुंगा. तो बुंध्याच्या जखमेत अंडी घालतो आणि अळ्या आतून झाड खातात. बाहेर कळेपर्यंत आत पोकळ झालेलं असतं.

त्याच दिवशी तो उरण रोडला जाऊन आला. नर्सरीवाल्यानं ओळखीच्या एका दुकानात पाठवलं. दुकानदारानं मागून एक मोठा डबा काढला आणि त्यातल्या काही गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत काढून दिल्या. "ह्या अशा कुणाला देत नाही आम्ही," तो म्हणाला म्हणे, "झाडात टाका, मातीनं बुजवा, आत गॅस होतो, सगळं मरतं." डबीवर काही लिहिलेलं नव्हतं. पण नवऱ्याला सांगायची गरजही नव्हती. ओल लागली की ह्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो हे त्याला माहीत होतं. कंपनीत तो दुसऱ्यांना हेच शिकवायचा.

औषध घालायच्या दिवशी त्यानं आम्हा दोघींना वरच्या मजल्यावर पाठवलं, खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क. खिडकीच्या काचेतून आम्ही बघत होतो. एकेका भोकात गोळी सरकवून त्यानं चिकणमातीनं लिंपलं, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं, सुतळीनं बांधलं. कंपनीत असताना तो कसा दिसत असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पाठ ताठ होती.

"किती जपतोय बघ," आत्या म्हणाल्या. "ल्हानपनी कोंबडीच्या पिलाला असंच जपायचा."

त्यानंतर कितीतरी दिवस त्यानं आत्यांना अंगणात बसू दिलं नाही. त्या धुसफुसायच्या, माज्या झाडापाशी मला जाऊ देईना म्हणून. शेवटी त्यानं परवानगी दिली. प्लॅस्टिक सोडलं, आत्यांनी कान लावला, नवऱ्यानं लावला. आवाज नव्हता. मधला कोंब ताठ उभा होता. त्या संध्याकाळी तो स्वतःहून बाहेर जाऊन जिलबी घेऊन आला. कशाची म्हणून विचारलं तर म्हणाला, "अशीच."

थोड्या गोळ्या उरल्या होत्या. परत आवाज आला तर लागतील म्हणून त्यानं त्या ठेवल्या. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, उंच फळीवर, कुलपात.

मग पावसाळा लागला. जुलैमध्ये एकदा लागोपाठ असा कोसळला की खाडी गल्लीच्या तोंडापर्यंत आली. शेडचा पत्रा गळायला लागला. नवऱ्यानं सगळं सामान घरात आणलं, पेंडीची पोती, खताच्या पिशव्या, फवारणीचा पंप. आणि ती डबी. ओल लागता कामा नये म्हणूनच त्यानं ती बाहेर ठेवली नाही. जिन्याखाली आमचं एक कपाट होतं, लाकडी दाराचं. घरातली सर्वांत कोरडी जागा तीच, असं आम्ही दोघेही समजत होतो. त्यानं डबी वरच्या कप्प्यात, मागे सरकवून ठेवली. त्या कप्प्याच्या मागची भिंत बाथरूमची होती. तिच्यातून पाणी झिरपायला लागलं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि कपाटाच्या बाजूच्या फळीपलीकडे आत्यांची खोली होती. फळी आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट होती. आत्या त्या फटीत कॅलेंडरची जुनी पानं खोचून ठेवायच्या, झुरळं येतात म्हणून.

त्या दिवशी मी कचेरीत होते. पुढचं सगळं नवऱ्यानं सांगितलं, तेही मला नाही, हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना सांगताना मी ऐकलं.

आत्यांना थोडी सर्दी होती म्हणून खिडकी बंद होती. दुपारी दोघांनी पिठलं-भाकरी खाल्ली. आत्या आडव्या व्हायला आत गेल्या आणि थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, "आरं, कसला वास येतोय रं?" तो दारापर्यंत गेला. वास होता. कुजक्या मासळीसारखा, थोडा लसणीसारखा. आमच्या भागात मासळीचा वास नवा नव्हता, पावसाळ्यात घरोघर सुकट-बोंबील निघतात. तो म्हणाला, "शेजारी कुणीतरी सुकट भाजत असेल, आई. झोप तू." खिडकी उघडली तर पाऊस आत येईल म्हणून उघडली नाही. आत्यांना वास बाहेरच्या खोलीतून येत असेल असं वाटलं, म्हणून त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं. त्यानं ते लोटलं.

मग तो बाहेर टीव्हीसमोर बसला. त्याचंही डोकं दुखायला लागलं, पण पावसाळी हवेनं दुखतंय असं समजून त्यानं गोळी घेतली.

मला फोन आला तेव्हा त्याचा आवाज थकलेला होता. "आईला उलट्या होतायत. पिठलं बाधलं बहुतेक. मलाही बरं वाटत नाहीये."

"डॉक्टरकडे ने लगेच. मी येते."

रिक्षा मिळेना. पाणी साचलं होतं. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा आत्यांना आत घेतलं होतं आणि नवरा बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. चेहरा राखेसारखा. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. ती भराभर विचारत होती. काय खाल्लं, कधी खाल्लं, आधी काही त्रास. मग तिनं विचारलं, "घरात पेस्ट कंट्रोल केलंत का? ढेकणांचं, उंदरांचं काही औषध?"

"नाही," तो म्हणाला.

"शेजारी कुणी केलं असेल? काही वेगळा वास आला होता?"

"वास आला होता," तो म्हणाला आणि दुपारचं सगळं सांगायला लागला, सुकट, खिडकी, दार. सांगता सांगता मध्येच थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. मग तो बाकावरून खाली सरकला आणि तिथेच फरशीवर बसला.

"डबी," तो म्हणाला.

डॉक्टरला समजायला थोडा वेळ लागला. मला नाही.

ह्या विषावर उतारा नाही. हे त्या मुलीनं आम्हाला जितकं सौम्यपणे सांगता येईल तितकं सांगितलं. हृदयावर परिणाम होतो, आम्ही प्रयत्न करतोय. नवऱ्यालाही त्यांनी दाखल करून घेतलं, पण तो पलंगावर पडेना. त्याला सलाईनच्या बाटलीसकट आत्यांच्या पलंगाजवळ स्टुलावर बसवलं. आत्या शुद्धीवर होत्या. ह्याचंच मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. सारखं पाणी मागत होत्या, अंगावरची चादर ढकलत होत्या, छातीवर काहीतरी बसलंय म्हणत होत्या. मध्ये जरा शांत झाल्या तेव्हा मुलाकडे मान वळवून त्यांनी विचारलं, "कसला वास हुता रं त्यो?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मासळीचा, आई," तो म्हणाला.

"बयाला म्हनावं, कुजकी मासळी इकू नगं," आत्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या नीट असं काही बोलल्या नाहीत. उजाडायच्या आत गेल्या.

अग्निशमन दलाची माणसं येऊन डबी घेऊन गेली. घर उघडून ठेवलं, दोन रात्री आम्हाला आत जाऊ दिलं नाही. डबीचं झाकण मागच्या ओलीनं भिजून तिरकं बसलं होतं आणि आत राखेसारखी भुकटी झाली होती, असं कळलं. पोलीस चौकीत नवऱ्याचा जबाब झाला. तिथला अधिकारी वयस्क होता, त्यानं आम्हाला चहा मागवला. नवरा त्याला म्हणाला, "माझ्यावर केस करा."

"साहेब, आधी आईचं करून या," अधिकारी म्हणाला.

"मी सेफ्टीमध्ये होतो. मला माहीत होतं. केस करा."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. पुढे काही महिने चौकीवर हेलपाटे झाले, दुकानदाराकडेही चौकशी झाली, मग अपघाती मृत्यू म्हणून ते मिटलं. नवऱ्याला ते मिटलेलं नको होतं असं मला वाटतं. कुणीतरी त्याला काहीतरी शिक्षा सांगितली असती तर ती भोगून संपवता आली असती.

आत्यांना गावी नेलं. नणंद अंगणातच उभी होती. अँब्युलन्सचं दार उघडलं तशी ती भावाच्या अंगावर धावून आली आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "झाडाला जगवलंस आन् आईला मारलंस."

"हो," तो म्हणाला.

तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तो नाही म्हणेल, रडेल, पाया पडेल, असं काहीतरी वाटलं असावं. तिचा उगारलेला हात तसाच खाली आला. बायकांनी तिला धरून आत नेलं. तेराव्यापर्यंत आम्ही तिथे होतो, ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. निघताना माझ्या हातात तिनं शेंगदाण्याची पिशवी दिली आणि म्हणाली, "वैनी, तुज्यावर राग न्हाई." त्याच्यावर आहे, हे तिनं सांगितलं नाही, पण तो तिच्या दारात परत गेलेला नाही.

बेलापूरला परतलो तेव्हा पाऊस ओसरला होता. आणि खजुराला नवं पान उलगडलं होतं.

नवऱ्यानं ते बघितलं. दुसऱ्याच दिवशी तो झाड तोडणारी माणसं घेऊन आला. पण फाटकावरच शेजाऱ्यांनी अडवलं, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आधीच तुमच्या घरी एवढं झालंय, आणखी लफडं कशाला. मग त्यानं रीतसर अर्ज केला. उद्यान विभागाचा माणूस बघायला आला. बुंधा ठोकून बघितला, वर बघितलं. त्याला आमच्याकडे काय घडलं ते ठाऊक नव्हतं.

"झाड तर एकदम फर्स्टक्लास आहे. कशापायी तोडायचंय?"

मी म्हटलं, "सोंड्या लागला होता."

"होता ना? आता नाहीये. मस्त रिकव्हर झालंय. काय औषध घातलंत?"

नवरा वळून घरात गेला. मी त्या माणसाला काहीतरी थातुरमातुर सांगितलं. झाड निरोगी आहे, धोकादायक नाही, म्हणून परवानगी मिळाली नाही.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या परत समुद्रात गेल्या आणि एके दिवशी कोळीण टोपली घेऊन आली. तिला काही कळलेलं नव्हतं. फाटकातूनच ओरडली, "आजी गोऽ, पापलेट हाय बघ, नंतर बोलू नको सांगितला नाय म्हनून."

मी बाहेर गेले आणि सांगितलं. ती टोपलीसकट खाली बसली.

"कशान गो बाय?"

"गॅस," मी म्हटलं. एवढाच शब्द माझ्या तोंडातून निघाला.

"सिलेंडर फुटला?"

मी मान हलवली. ती तिला होकार वाटली आणि मी तसंच राहू दिलं. ती तिथे बसून मोठ्यानं रडली. आमच्या घरात तोपर्यंत असं कुणी रडलेलं नव्हतं. मग तिनं टोपलीतलं एक पापलेट काढून, मी नको नको म्हणत असताना, माझ्या हातात ठेवलं. मी ते घरात नेलं खरं, पण चुलीवर चढवायचं धाडस झालं नाही. मासळीचा वास आता आमच्या घरात कसा येऊ द्यायचा? मी ते मागच्या गल्लीतल्या मांजरांना घातलं. ती कोळीण परत आमच्या गल्लीत आली नाही. दुसऱ्या गल्लीत तिची हाक ऐकू यायची.

नवऱ्यानं झाडांकडे बघणं बंद केलं. मी कचेरीला जाण्याआधी जमेल तेवढं पाणी घालायची, पण त्याच्यासारखं मला येत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात अरेकाची सगळी रांग करपली. फॉक्सटेल वाकडा झाला, कोंबच कुजला, मग तो वरून खाली सुकत गेला. खजुराला मात्र कुणाची गरज नव्हती. तो वाढतच होता. त्याला नारिंगी फळांचे घोस लागले, बुलबुल यायचे, रस्त्यावरची माणसं थांबून फोटो काढायची. आम्ही अंगणाच्या बाजूचा पडदा कायम ओढलेला ठेवायचो.

त्याला वासांचं वेड लागलं. फोडणी घातली की हॉलमधून विचारायचा, "कसला वास येतोय?"

"लसणीचा."

"नक्की?"

"अरे, आमटी करतेय मी."

तरी येऊन बघून जायचा. रात्रंदिवस सगळ्या खिडक्या उघड्या. पुढच्या पावसाळ्यात गाद्या भिजल्या, भिंतींना बुरशी आली, तरी एक खिडकी लावू दिली नाही. मी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या तो मुकाट्यानं घेतो. त्यांनी झोप लागते. दुसरं काही होतं की नाही मला कळत नाही.

मी निवृत्त झाल्यावर रो-हाउस विकलं. घेणारं जोडपं तरुण होतं. बाईनं अंगणात पाऊल टाकल्याबरोबर म्हटलं, "अय्या, हे झाड बघूनच घर आवडलं." त्यांना आम्ही घरात काय घडलं ते सांगितलं. नवऱ्यानंच सांगितलं, सगळं, न थांबता. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. तरी त्यांनी घर घेतलं. कपाट तेवढं काढून टाकतील म्हणाले.

आता आम्ही खांदेश्वरला फ्लॅटमध्ये राहतो, वरच्या मजल्यावर. गच्ची नाही, कुंडी नाही, नुसती एक गॅलरी, कपडे वाळत घालायला. घर लावून झाल्यावर माझ्या जुन्या कचेरीतल्या मैत्रिणी भेटायला आल्या. त्यांनी भेट म्हणून कुंडीत लावलेला अरेका आणला होता, रिबन बांधलेला. त्यांना काही माहीत नव्हतं असं नाही, आत्या गेल्या तेव्हा त्या भेटून गेल्या होत्या. पण पाम म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर हे रोप येत नसावं. दुकानात जे हिरवं, छान दिसलं ते उचललं. नवऱ्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, थँक्यू म्हणाला, सगळ्यांना स्वतः चहा दिला.

त्या गेल्यावर मी कप विसळत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"हे कुणाला तरी देऊन टाक."

मी खाली जाऊन वॉचमनला दिलं. त्यानं ते पुढच्या गेटजवळ आपल्या केबिनच्या बाहेर ठेवलं, रोज पाणी घालतो, चांगलं फुटलंय. तेव्हापासून माझा नवरा मागच्या गेटनं ये-जा करतो. तिकडून स्टेशन बरंच लांब पडतं.